वेणीचा देश

“आई, वेणी म्हण. वेणी! डोक्यात माळतेस ती. स्लो-वेणी-या. तिथंच जवळ एक स्लोव्हाकिया पण आहे, तो वेगळा. त्याच्या नादी लागायचं न्हाय. कुणी काही म्हणालं तरी ऐकायचं न्हाय. अण्णा म्हणाले तरी न्हाय.”

अश्लेषानं मुंबईच्या विमानतळावरून फोनवर हे सांगितलं त्याला आता तीन वर्षं होतील. पण अणदूरच्या महानंदाबाईंच्या कानात तो आवाज रोज पहाटे नव्यानं वाजतो. आंघोळ, तुळशीला पाणी, मल्हारीचं नाव, आणि जोडलेले हात सोडायच्या आधी हळूच एकदा ‘वेणी’. नामस्मरणात एक देश शिरला म्हणून देव रागावला असेल असं त्यांना वाटत नाही. लेक जिथं राहते त्या मुलखाचं नाव घेणं हेही नामस्मरणच, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलंय.

खरी गोष्ट अशी की त्यांच्या स्वतःच्या डोक्यात तीन वर्षं वेणी नव्हती. महानंदाबाईंना दागिन्याचा सोस नाही, लुगड्याचा नाही, पण शेवंतीची वेणी म्हटलं की त्यांचा जीव हलायचा. म्हणूनच देवाला द्यायला त्यांच्याजवळ तेवढंच होतं. पोर परमुलखात निघाली तेव्हा खंडोबापुढं उभं राहून, गुरवाच्या आणि नवऱ्याच्या देखत त्या मोठ्यानं बोलल्या, “देवा मल्हारी, लेक सुखात राहू दे. जोडी तुझ्या पायरीवर आणीन, नवऱ्यानं बायकोला उचलून. माझ्या डोळ्यांनी बघीन. तोवर डोक्यात फूल घालणार न्हाई.”

नव्या नवरदेवानं नवरीला उचलून खंडोबाच्या पायऱ्या चढायच्या, निदान पाच तरी, ही रीतच आहे. आता महानंदाबाईंच्या स्वतःच्या लग्नात ती का पाळली गेली नाही, हा प्रश्न कुणी विचारू नये. रामलिंग गुरुजी तेव्हा शाळेत भूगोल शिकवायला नुकतेच लागले होते, आणि नेमका त्यांचा अख्खा सातवीचा वर्ग देवळाच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी उभा होता. विद्यार्थ्यांपुढं शिक्षकानं बाई उचलायची? गुरुजींनी उपरणं सारखं केलं आणि नवरीच्या कानाशी म्हणाले, “पुढच्या खेपेला. शब्द देतो.” तो सातवीचा वर्ग आता नातवंडं खेळवायला आलाय. पुढची खेप काही आली नाही. महानंदाबाईंनी आठवणही केली नाही. त्या पुष्कळ व्रतं करतात, पण टोचून बोलण्याचं व्रत त्यांत नाही.

गुरुजींचा आणि त्या देशाचा तर जुनाच तंटा होता. त्यांच्या वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात तिथं युगोस्लाव्हिया होता, चांगला ऐसपैस, गुलाबी रंगाचा. “देश फुटला,” ते म्हणायचे, “आणि मला कुणी कळवलं न्हाय. म्या आपला शिकवतोय.” लेक तिकडं गेल्यावर मात्र त्यांनी अपमान गिळून नवीन देशाचा अभ्यास केला आणि संध्याकाळी विरुपाक्षाच्या खताच्या दुकानापुढं बसून गावाला शिकवायला घेतला.

“वीस-एकवीस लाख माणसं. आपला जिल्हा घ्या, वर शेजारचे दोन-तीन तालुके उचलून आणा, झाला देश. चार शेजारी: इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी, क्रोएशिया. निम्म्याच्या वर जंगल. समुद्र आहे, पण एवढासा. सायकलवर सकाळी निघालात तर जेवायच्या आत संपतो.”

“एवढ्याशा माणसांना देश कशाला गुरुजी?” विरुपाक्ष पोत्यावर रेलून म्हणायचा. “झेडपीत भागलं असतं.”

“पार्लमेंट आहे. दोन सभागृहं.”

“दोन? मग बाहेर बसून शिव्या द्यायला माणसं उरतात का?”

अश्लेषा तिथं पाण्याचा अभ्यास करते. त्या मुलखात नद्या जमिनीत शिरतात आणि कुठंतरी लांब पुन्हा वर येतात. एक तळं तर असं आहे म्हणे की काही महिने तुडुंब, आणि काही महिने गडप. “बघायला जगातनं माणसं येतात,” महानंदाबाईंनी शेजारच्या चंद्रप्रभाकाकूंना कौतुकानं सांगितलं.

“अगं बाई!” काकू म्हणाल्या. “आमचं तळं दरसाल गडप होतंय, बघायला तलाठी सुदिक येत न्हाय.”

मग जावई झाला. मधमाश्या पाळणाऱ्या घरातला, उंच, लाजाळू. नाव युरे. विरुपाक्षानं ते एकदा ऐकलं आणि दुकानातल्या थप्पीकडं बघितलं. “युरे? ‘या’ कुठं सांडला? पांढराशुभ्र आहे म्हणता, म्हणजे युरियाच की!” त्या दिवसापासून गावात तो युरिया जावई. लग्न तिकडच्या सरकारी कचेरीत लागलं. त्या कचेरीचं नाव गुरुजींनी तीनदा विचारून घेतलं आणि शेवटी “म्हणजे तहसील” असं भाषांतर करून मोकळे झाले. इकडं सगळी गल्ली एका फोनभोवती गोळा झाली होती. तिकडच्या बाईनं अश्लेषाला काहीतरी विचारलं, अश्लेषानं तोंड उघडलं आणि रेंज गेली. पोर उघड्या तोंडानं पडद्यावर थिजली ती थिजलीच. ती हो म्हणाली की नाही हे गल्लीला संध्याकाळी कळलं. चंद्रप्रभाकाकूंनी आपल्या मूठभर अक्षता तोवर हातातच धरून ठेवल्या होत्या.

“आई,” नंतर अश्लेषा सांगत होती, “ह्यांच्या भाषेत एक, दोन आणि मग पुष्कळ असं व्याकरण आहे. दोघांसाठी सगळं वेगळं. आम्ही दोघं म्हणायला ‘मिद्वा’.”

“द्विवचन!” गुरुजी मागून ओरडले. “संस्कृतात आहे. आपण मराठीत टाकून दिलं.”

रात्री दोन ताटं वाढताना महानंदाबाईंच्या मनात आलं, भाषेनं टाकून दिलं असेल, आपलं घर मात्र तीन वर्षं द्विवचनातच चाललंय.

मार्गशीर्षात जोडी यायची होती. महानंदाबाईंनी गाद्या उन्हात घातल्या, आणि नेमका तेव्हाच फोन आला. अश्लेषाचं तिथं राहायचं कार्ड नव्यानं करायला गेलं होतं. ते हातात येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती.

“कधी येईल हातात?”

“सांगता येत न्हाय आई. फाल्गुनात, नाहीतर चैत्रात.”

“बरं,” महानंदाबाई म्हणाल्या. गाद्या उन्हं उतरेपर्यंत तशाच राहिल्या. उचलायला कुणाचाच हात जाईना.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी अश्लेषाचा आवाज उड्या मारत होता. “आई, ऐक! इथं एक तलाव आहे, मधे बेट, बेटावर चर्च. नव्याण्णव पायऱ्या. आणि रीत काय आहे सांगू? नवऱ्यानं नवरीला उचलून चढायचं!”

“उचलून? म्हणजे खंडोबाच!”

“वर घंटा आहे. ती वाजवून इच्छा मागायची.”

“घंटा आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला.”

“आणि बेटावर न्यायची नाव कुणीपण वल्हवायची न्हाय. ठराविक घराण्यांनाच हक्क, बापाकडनं पोराकडं.”

“मानकरी!” महानंदाबाईंनी फोनसकट हात जोडले. एवढ्या लांब, बर्फात, कुणी न सांगता कुणीतरी सगळी रीत बरोबर सांभाळली होती.

तरी नवस तो नवस. त्यांनी सिद्धाराम गुरवाला गाठलं. सिद्धाराम कान खाजवत म्हणाला, “वहिनी, आपला देव वर्षातलं धा-सव्वाधा महिनं अणदुरात ऱ्हातो, बाकीचं नळदुर्गात. दोन गावं त्यो करारानं सांभाळतोय. तिसरं गाव त्याला जड न्हाय. पण म्या म्हनतो, भंडारा हितला पायजे. देवाला वळख तर पटली पायजे.”

आणि इथं पार्सल नावाचं प्रकरण सुरू झालं. रविवारच्या आरतीचा भंडारा, म्हणजे पिशवीभर हळद, मधे ठेवला. त्याभोवती कडक भाकरी, शेंगाचटणी, लेकीला खण, जावयाला फेटा. चंद्रप्रभाकाकू म्हणाल्या डिंकाचे लाडू घाला. विरुपाक्ष म्हणाला चटणी उघडी सापडली तर बाँब समजतील, तीन पिशव्या घाला. त्यानं स्वतः खताच्या पोत्याचा तुकडा आणून वरून शिवला, त्यामुळं बाहेरून पार्सलावर सुवाच्य अक्षरांत ‘दाणेदार’ असं दिसत होतं.

कुरिअर सोलापुरातून करायचं, आणि उशीर नको म्हणून सोमवारीच. महानंदाबाईंचं सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन असतं. गुरुजी म्हणाले, “बोलायचं काय आहे त्यात? मी आहे.”

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “आत काय?” गुरुजींनी सगळं सांगितलं.

“ही पिवळी पूड?”

“भंडारा.”

“खायचा का?”

“न्हाय.”

“लावायचा?”

“थोडासा.”

“मग?”

“उधळायचा.”

कॉम्प्युटरात उधळण्यासाठी रकाना नव्हता. शेवटी देवाचा भंडारा ‘मसाले’ या सदरात गेला. महानंदाबाईंनी डोळे मिटून मनात क्षमा मागितली, आणि नेमकं तेवढ्यात मुलगी म्हणाली, “सर, देश? एसेलओ टाकलं की स्लोव्हाकिया आलाय. हाच ना?”

गुरुजी चष्मा घरी ठेवून आले होते. परगावी जाताना ते चष्मा घालत नाहीत, घातला की निवृत्त दिसतो असं त्यांचं मत आहे. पडद्यावर त्यांना काळ्या मुंग्यांची रांग दिसत होती. पण तीस वर्षं युरोप शिकवलेल्या माणसानं एका पोरीपुढं ‘दिसत नाही’ म्हणायचं? “हाच,” ते भारदस्तपणे म्हणाले.

महानंदाबाईंचे डोळे खाडकन उघडले. त्यांनी नवऱ्याची बाही ओढली आणि आपल्या अंबाड्याकडं बोट दाखवलं. गुरुजींनी बघितलं. बाईंनी पुन्हा अंबाड्याभोवती बोट गोल फिरवलं, फुलं माळल्यासारखं केलं, जोरात, दोन्ही हातांनी. गुरुजींचा चेहरा मऊ झाला.

“अगं, वेणी पाहिजे का तुला? पण नवस आहे न्हवं? थोडी कळ काढ.”

महानंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुजींना वाटलं, वेणीसाठीच. त्यांनी बायकोच्या खांद्यावर चारचौघांत हात ठेवला, जे त्यांनी लग्नातही केलं नव्हतं.

“सर, पिनकोड एका आकड्यानं कमी पडतोय. घेत नाही.”

“सुरुवातीला शून्य घाला,” गुरुजी म्हणाले. “डावीकडच्या शून्यानं किंमत बदलत नसते.”

कॉम्प्युटरनं घेतलं. गणित बरोबर होतं, भूगोल तेवढा चुकला. आता कुणी म्हणेल, बाईंनी एक शब्द बोलायचा होता. बाईंनाही ते आयुष्यभर वाटत राहील. पण लेक गेल्यापासून धरलेलं मौन, लेकीच्याच भंडाऱ्यासाठी मोडायचं कसं, एवढ्या विचारात पावती हातात आली. आणि कागद-पेन मागून घ्यायचं सुचलं ते परतीच्या एसटीत, तांदुळवाडीजवळ.

घरी दिवा लागला. महानंदाबाईंनी नमस्कार केला आणि पहिला शब्द बोलल्या, “अहो, वेणी.”

“उद्या आणतो म्हणालो असतो, पण...”

“तुमची न्हवं. देशाची.”

गुरुजींनी चष्मा चढवला, पावती वाचली, आणि न जेवता आत जाऊन पडले. त्या रात्री घरातलं मौन एकाकडून दुसऱ्याकडं गेलं.

पार्सल निघून गेलं होतं, आणि निघालेलं पार्सल मागं वळत नाही असं कुरिअरवाल्यांनी नम्रपणे सांगितलं. आठवड्यानं ते ब्रातिस्लाव्हा नावाच्या शहरी जाऊन बसलं. ही बातमी खताच्या दुकानापर्यंत पोचायला मात्र आठवडा लागला नाही. पोरं ‘स्लोव्हाकिया गुरुजी’ म्हणू लागली. गुरुजींनी संध्याकाळचं बाहेर बसणं सोडलं. ते एकटे अंगणात बसून समोरच्या भिंतीकडं बघत, जणू तिथं गुलाबी नकाशा अजून टांगलेला आहे.

“अण्णा, इथल्या लोकांचं पण होतं असं,” अश्लेषा फोनवर समजूत घालत होती. “दोन्ही देशांची नावं जगभर उलटसुलट होतात.”

“जग भूगोल शिकवत नव्हतं,” गुरुजी म्हणाले.

तोडगा काढला तो युरिया जावयानं. थंडीत मधमाश्या पेटीत गपगार बसतात, म्हणून त्याला सवड होती. त्यानं गाडी काढली आणि ऑस्ट्रिया ओलांडून दुसऱ्या देशात सासूचं पार्सल आणायला गेला. तिथली भाषा म्हणजे आपल्याला कोकणी: निम्मी कळते आणि उरलेल्या निम्म्यानं घोटाळा होतो. पोत्याची शिवण उसवली होती. तिथल्या कुरिअर कचेरीतल्या बाईनं पिवळ्या पुडीकडं बोट दाखवून काय विचारलं कोण जाणे; युरेनं उधळून दाखवायला चिमूट वर टाकली. दार उघडं होतं, वारं आलं, आणि पिशवीच उलटली. बाहेरचं बर्फ पिवळं झालं, खिडकी पिवळी झाली, बाईचं कपाळ पिवळं झालं. युरेला आमच्या भाषेतलं एकच वाक्य अश्लेषानं शिकवलेलं होतं, ते त्यानं घाबरून मोठ्यानं म्हटलं. ब्रातिस्लाव्हात येळकोट झाला.

मूठभर भंडारा उरला. तेवढा त्यानं रुमालात बांधून आणला. ही सगळी हकिगत ऐकून महानंदाबाईंनी एवढंच विचारलं, “वाटेत जेवले का गं जावई?”

पुढच्या रविवारी अश्लेषा आणि युरे नावेत बसले. तिकडं सकाळ होती, इकडं दुपार. तळ्याभोवती पांढरं, आभाळ पांढरं, नाव वल्हवणारा मानकरी कानटोपीत. फोन धरायला युरेची बहीण होती. पायऱ्यांच्या तळाशी अश्लेषानं घाईघाईनं सांगितलं, “आई, वर पोचेपर्यंत नवरीनं एक शब्द बोलायचा न्हाय. रीत आहे.”

“अश्लेषा? गप?” चंद्रप्रभाकाकूंनी पदर तोंडाला लावला. “मग पोरगा पायऱ्या चढतोय कशाला, तेवढ्यावरच पावला की देव त्याला.”

युरेनं तिला उचललं. डोक्याला फेटा, आपला, वाकडा बांधलेला. तो चढू लागला. तोंडातून वाफ निघत होती. आणि अश्लेषा गप्प होती. लहानपणापासून क्षणभर न थांबलेलं ते तोंड मिटून ती फोनकडं, म्हणजे आईकडं, बघत होती. तिच्या केसांत वेणी होती. बर्फात शेवंती कुठली? पिवळ्या लोकरीची, हातानं विणलेली. महानंदाबाईंनीही ओठ मिटले. सोमवार नव्हता. पण लेक बोलत नसताना आपण कसं बोलायचं? दोघी तशाच एकमेकींकडं बघत राहिल्या, पायरीमागून पायरी. तीन वर्षं दोघी रोज फोनवर बोलत होत्या, आणि इतकं बोलणं झालं नव्हतं.

वर घंटा वाजली. युरेनं रुमाल सोडून अश्लेषाच्या कपाळाला भंडारा लावला.

“आई,” ती धापा टाकत म्हणाली, जणू तीच चढून आली होती. “झालं. घाल आता वेणी.”

महानंदाबाईंचा हात आपसूक अंबाड्याशी गेला. आणि तिथंच थांबला.

“घालीन बाळा,” त्या म्हणाल्या.

पण घातली नाही. काकू म्हणाल्या, झालं की सगळं रीतीनं. सिद्धाराम म्हणाला, “फोनमदी बगितलं ते डोळ्यांनी बगितलं का, हे म्या कसं सांगू? मन काय म्हनतंय?” मन म्हणत होतं, जावयानं शर्थ केली, देव तिथवर जाऊन आला, सगळं खरं. पण मी ‘तुझ्या पायरीवर’ म्हणाले होते. आणि माझ्या डोळ्यांत आणि लेकीत मधे काच होती. चैत्रापर्यंत थांबायचं. थांबायची त्यांना सवय होती.

रामलिंग गुरुजी हे सगळं अंगणातून ऐकत होते.

दुसऱ्या आठवड्यात देव रीतीप्रमाणं नळदुर्गला गेला. त्यानंतरच्या रविवारी महानंदाबाई पहाटे तुळशीपाशी ‘वेणी’ म्हणून वळल्या, तर दारात स्कूटर पुसून उभी. गुरुजींनी चष्मा घातला होता. डोक्याला फेटा. विजारीवरून गुडघ्याचा पट्टा आवळताना ते मान वर न करता म्हणाले, “नवस बोलताना तू ‘जोडी’ म्हणालीस. ‘नवऱ्यानं बायकोला’ म्हणालीस. कुणाची जोडी ते म्हणाली न्हाईस. म्या होतो तिथं. प्रश्नात जे विचारलेलं न्हाय, त्याचे मार्क कापता येत न्हाईत. तीस वर्षं पेपर तपासलेत.”

“अहो, तुमचा गुडघा.”

“पाचच पायऱ्या.”

“लोक बघतील. तुमचे विद्यार्थी असतात तिथं.”

“असू देत,” गुरुजी म्हणाले. “त्यांचा एक धडा राहिलाय.”

महानंदाबाई आत गेल्या. धुवट लुगडं नेसून, चंद्रप्रभाकाकूंच्या दारावर चूल बघा म्हणून सांगून बाहेर आल्या. स्कूटरच्या हँडलला हिरव्या पानात बांधलेली एक पुडी लटकत होती. शेवंतीचा वास पुडीला ऐकत नव्हता. त्यांनी ती सोडवून ओच्यात घेतली, उघडली नाही. मागं बसल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा, की पस्तीस वर्षांत, त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर घट्ट हात ठेवला.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी गुरुजींनी वळताना नियमाप्रमाणं हात दाखवला आणि स्कूटर नळदुर्गच्या वाटेला लावली.